शिक्षक कोणाच्या घरातून येतात?

आपल्या मंडळाच्या गणपतीत किंवा संक्रांतीत चौथीतल्या मुलांचे आईबाप ओळखायला वेळ लागत नाही. हातात मोदक असो की तिळगूळ, तोंडी एकच आकडा असतो: २.३३. बायर्नमध्ये नव्याने आलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. इथे १ हा सर्वांत चांगला शेरा. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास ह्या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर मूल थेट गिम्नाझियुमला जाऊ शकते, २.६६ पर्यंत आली तर रेआलशूलेला. बाकीच्यांची वाट मिटेलशूलेकडे जाते. पुढे रस्ता बदलता येतो, नाही असे नाही. पण दहाव्या वर्षी रूळ बदलणे सोपे असते आणि सोळाव्या वर्षी अवघड, हे सांगायला रेल्वेतला माणूस लागत नाही.

मुलांच्या मार्कांवर आपण तासन्‌तास बोलतो. मार्क देणारी व्यक्ती कोण, ती कोणत्या घरातून आली, ह्याबद्दल मात्र सहसा बोलत नाही. न्युरेम्बर्गच्या रहिवाशांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ‘स्थलांतराची पार्श्वभूमी’ आहे. हा सरकारी शब्द आहे. जो स्वतः किंवा ज्याची आई वा वडील जन्माने जर्मन नागरिक नव्हते, तो ह्या गटात मोडतो. म्हणजे तुम्ही, मी आणि आपली बहुतेक मुले. शाळेच्या वर्गात हे प्रमाण सहज दिसते. शिक्षकांच्या खोलीत डोकावले तर दिसत नाही. संबंध जर्मनीचा हिशेब धरला तर शाळाशिक्षकांत अशी व्यक्ती साधारण दहात एक, आणि एकूण नोकरी-धंदा करणाऱ्यांत साधारण चारात एक.

ही तफावत का पडते, तिने काय बिघडते आणि ती भरून काढण्याचे कोणते मार्ग लोकांनी काढले, हे सांगावे म्हणून हा लेख. मी शिक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही. डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोट सॉफ्टवेअरवर. पण प्रश्न एका साखळीचा आहे, आणि साखळी कुठे तुटते ते शोधणे हा आमचा रोजचाच धंदा.

अमेरिकेतली एक फेलोशिप

आरंभ अमेरिकेपासून करतो, कारण तिथे ह्या प्रश्नाची मोजदाद सर्वांत नीट झाली आहे. १९९२ साली रॉकफेलर ब्रदर्स फंड ह्या संस्थेने गोऱ्या नसलेल्या समाजांतील, शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक फेलोशिप सुरू केली. २००९ मध्ये ती वुड्रो विल्सन फाउंडेशनकडे आली. योजना साधी होती. कॉलेजांनी आपले चांगले विद्यार्थी सुचवायचे. त्यांतून निवडलेल्यांना शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तीस हजार डॉलर मिळायचे. आणि मोबदल्यात त्यांनी किमान तीन वर्षे सरकारी शाळेत शिकवायचे. पैशाबरोबर अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन आणि आपल्यासारख्याच इतर फेलोंची सोबतही असे.

अशी योजना करावी का लागली? १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्याचा दुसरा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा गरीब होत्या, पण तिथे काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुधा ह्याच. मुले गोऱ्या शाळांत गेली. शिक्षकांना मात्र तिथे जागा मिळाली नाही. पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे ३८ हजार काळ्या शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी नोकऱ्या गमावल्या, असा अंदाज सांगितला जातो. जो व्यवसाय त्या समाजात मानाचा होता त्याची वाटच बंद झाली, आणि पुढच्या पिढीतली हुशार मुले दुसरीकडे वळली.

आता मोजमापाकडे वळू. १९८५ पासून टेनेसी राज्यात एक मोठा प्रयोग झाला. वर्गात मुले कमी असली तर शिक्षण सुधारते का, हे पाहण्यासाठी बालवर्ग ते तिसरीची सुमारे अकरा हजार मुले आणि त्यांचे शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्या तसे वर्गांत वाटले गेले. हेतू दुसराच होता, पण अशा वाटपामुळे पुढे अर्थशास्त्रज्ञांना सोन्याची खाण सापडली. ज्या मुलांना योगायोगाने आपल्याच वंशाचे शिक्षक मिळाले त्यांचे काय झाले, हे तपासता आले. थॉमस डी ह्यांनी २००४ साली दाखवले की एक वर्ष असे शिक्षक मिळाले तर वाचन आणि गणितात मूल शंभरांच्या रांगेत तीनचार जागा पुढे सरकते. हे काळ्या मुलांबाबत जितके खरे, तितकेच गोऱ्या मुलांबाबतही. फरक एवढाच की गोऱ्या मुलांना असे शिक्षक न मागता मिळतात. पुढे सेथ गर्शनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. तिसरीपर्यंत निदान एक काळा शिक्षक मिळालेल्या काळ्या मुलांत शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा नऊने आणि कॉलेजात जाणाऱ्यांचे शेकडा सहाने जास्त भरले. त्यांचे हे काम २०२२ साली प्रसिद्ध झाले.

ह्यात जादू नाही. एकाच मुलाबद्दल दोन शिक्षकांना विचारले तर ‘हा पुढे किती शिकेल’ ह्याचे उत्तर दोघे वेगळे देतात, आणि शिक्षकाची अपेक्षा मुलाला न सांगता कळते.

आमच्या घरातले एक उदाहरण देतो. माझी मुलगी पहिलीत असताना तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितले की घरी मराठी बोलणे बंद करा, त्यामुळे तिचे गणित मागे पडते आहे. शाळेचे नाव महत्त्वाचे नाही. असा सल्ला आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. तिसरीत तिला दुसऱ्या बाई आल्या. त्यांचे आईवडील तुर्कस्तानातून कामगार म्हणून आलेले. त्यांनी एकदा मुलीला वर्गापुढे मराठीत आकडे म्हणायला लावले आणि ‘पंचवीस’ म्हणजे काय ते विचारले. पंच आणि वीस, पाच आणि वीस. जर्मनमध्येही पाच आधी आणि वीस नंतर: फ्युन्फउंडत्स्वानत्सिग. इंग्रजीत ते उलटे असते. बाईंनी वर्गाला सांगितले की ही मुलगी घरी जसे मोजते तसेच जर्मन लोक मोजतात. मूल तेच, मराठी तीच. एका बाईंना त्यात अडथळा दिसला आणि दुसऱ्या बाईंना आधार.

आपल्याकडची जुनी गोष्ट

ही कल्पना अमेरिकेची आहे असे वाटत असेल तर १८८२ साल आठवावे. हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी दिलेले निवेदन आजही वाचण्याजोगे आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनात शिक्षकांबद्दलही नेमके म्हणणे आहे. गावच्या शाळेतले शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातूनच प्रशिक्षण देऊन तयार करावेत. ते गावकऱ्यांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाहीत, असे त्यांनी मांडले. प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे असेही सांगितले. आणि मग ते थेट पैशावर आले: पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस असावा. चांगला माणूस हवा तर त्याचे पोट भरले पाहिजे, हे त्यांनी उपदेशावर सोडले नाही; आकडा लिहून दिला.

ह्याचा अर्थ ‘आपल्यालाच आपले शिकवतील’ असा काढू नये. सावित्रीबाईंच्या पुढच्या शिक्षणाची जबाबदारी घेणारे केशव शिवराम भवाळकर ब्राह्मण होते, आणि १८४८ ची मुलींची शाळा भरली ती भिड्यांच्या वाड्यात. दुसऱ्या जातीचा माणूस चांगला शिक्षक होऊ शकतो, ह्याबद्दल फुल्यांना शंका नव्हती. सगळेच शिक्षक एका जातीचे असले तर बाकीच्यांचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरे उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांच्या घरातले. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, आणि शिक्षकही. लष्कराने पलटणीच्या शाळांसाठी पुण्यात शिक्षक घडवणारी शाळा चालवली होती. तिथे रामजींनी प्रशिक्षण घेतले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. ज्या समाजाच्या मुलांना गावच्या शाळेत ओसरीवर बसवत, त्या समाजातला माणूस मुख्याध्यापक झाला, कारण त्याला शिकताना पगार मिळत होता आणि शिकल्यावर जागा होती. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली आणि ही वाटही बुजली. पुढे खुद्द भीमरावांना मुंबईच्या शाळेत संस्कृत शिकता आले नाही. फारसी घ्यावी लागली.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबियात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. म्हणजे तीन वर्षांच्या अटीच्या अमेरिकन फेलोशिपचा हा थोरला भाऊ. पण १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. शिष्यवृत्तीने माणूस तयार केला, पण त्याला उभे राहायला जागा कोणी केली नाही, आणि करार तसाच राहिला. नुसत्या पैशाने साखळी पुरी होत नाही, ह्याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

साखळी पुरी कशी करावी हे दाखवले कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था निघाली. पुढे साताऱ्यात वसतिगृह झाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ही हकिगत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मला इंजिनीअर म्हणून भावतो तो ह्यातला क्रम. वसतिगृहानंतर १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणले ते त्यानंतर. आधी मुलाला राहायला-जेवायला, मग त्याच मुलाला शिक्षकाचे प्रशिक्षण, मग तो शिक्षक ज्या गावात जाईल तिथे शाळा. त्या शाळेतून पुन्हा वसतिगृहात मुले. चाक एकदा फिरले की स्वतःच्या गतीने फिरत राहते.

जर्मनीत साखळी कुठे तुटते

आता आपल्या शहराकडे येऊ. फळ्यापुढे कोण उभे असते ह्याचे मोल न्युरेम्बर्गइतके कोणी मोजले नसेल. नाझींच्या वंशद्वेषाचा कर्कश प्रचारक युलिउस श्ट्रायखर ह्याच शहरात प्राथमिक शिक्षक होता. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढण्यात आले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना सार्वजनिक शाळांतून. आधी शिक्षक गेले, मग मुले. आज जर्मानिशेस नाझिओनालमुझेउमच्या बाजूला १९९३ पासून दानी कारावान ह्यांनी उभारलेले मानवी हक्कांचे स्तंभ आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे फोटो काढायला नेतो. प्रत्येक स्तंभावर जागतिक जाहीरनाम्यातले एकेक कलम आहे. शिक्षणाचा हक्क सव्विसावा.

युद्धानंतर कामगारांची गरज पडली. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. भरती १९७३ मध्ये थांबली, पण माणसे राहिली. बायर्नने त्यांच्या मुलांसाठी मातृभाषेतले वर्ग काढले आणि शिक्षक मायदेशाहून आणवले. ऐकायला हे बरे वाटते. पण ते वर्ग वेगळे होते, आणि ते शिक्षक बाकीच्या मुलांपुढे कधी उभे राहत नसत. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायला लावले, त्यामागचा विचार हाच होता. आपल्या माणसाने आपल्याच मुलांना कोपऱ्यात शिकवणे ही समानता नव्हे. जर्मन मुलालाही तुर्की, इराणी, मराठी बाई गणित शिकवायला असल्या पाहिजेत.

असे शिक्षक कमी का? वाटेत चार फाटके आहेत: चौथीची निवड, मग आबिटूर, मग विद्यापीठात शिक्षकी अभ्यासक्रमाची निवड आणि पहिली राज्यपरीक्षा, शेवटी दोन वर्षांची उमेदवारी आणि दुसरी राज्यपरीक्षा. समजा प्रत्येक फाटकातून एका गटातली शंभरातली नव्वद मुले पुढे जातात आणि दुसऱ्या गटातली सत्तर. एका फाटकावरचा फरक फार मोठा वाटत नाही. चार फाटकांनंतर पहिल्या गटातली पासष्ट उरतात आणि दुसऱ्यातली चोवीस. कोणी मुद्दाम अडवायची गरजच नसते.

आपल्यासाठी पाचवे फाटकही आहे, पासपोर्टचे. कायम सरकारी नोकर म्हणून शिक्षक व्हायचे तर सहसा जर्मन किंवा युरोपीय संघातले नागरिकत्व लागते. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले, पण भारत ते मानत नाही. इतरांना कराराची नोकरी मिळू शकते, पण तिला ती सुरक्षितता नाही. आणि महाराष्ट्रात बी.एड. करून, दहा वर्षे शिकवून इथे आलेल्या आपल्या किती भगिनी घरी बसून आहेत! माध्यमिक शाळेत शिकवायला इथे साधारणपणे दोन विषयांतली पदवी मागतात, आणि जर्मन भाषा अगदी वरच्या पातळीची.

हे ओळखून इथेही काम सुरू झाले. २००७ च्या राष्ट्रीय एकात्मता आराखड्यात असे शिक्षक वाढवण्याचे ठरले. त्याच वर्षी नोर्डर्‌हाइन-वेस्टफालेन राज्यात ह्या शिक्षकांचे जाळे उभे राहिले. २००८ च्या सुमारास हेर्टी प्रतिष्ठानने ‘होरिझोन्टे’ ही शिष्यवृत्ती काढली, खास ह्याच पार्श्वभूमीच्या भावी शिक्षकांसाठी. २०१६ मध्ये पोट्सडाम विद्यापीठाने निर्वासित शिक्षकांना इथल्या शाळेसाठी तयार करणारा अभ्यासक्रम सुरू केला. ह्यांतल्या कोणत्याही योजनेत परीक्षा सोपी केलेली नाही. राज्यपरीक्षा सर्वांना तीच. ‘दर्जा घसरेल’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. मदत होते ती परीक्षेपर्यंत पोहोचायला.

आणि आपण

इथे थोडे स्पष्ट बोलतो. अशी शिष्यवृत्ती आपल्यातल्या बहुतेकांच्या मुलांसाठी नाही, आणि नसावी. २००० साली ग्रीन कार्डवर किंवा २०१२ नंतर ब्लू कार्डवर आलेला इंजिनीअर आपल्या मुलीचे विद्यापीठ सांभाळू शकतो. माझे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल होऊन प्राथमिक शिक्षक झाले. आमच्या घरात खडू वंशपरंपरेने आला. शाळेत मला शिकवणारे सगळे गुरुजी आमच्यासारखेच बोलत, आमच्यासारखेच जेवत, आणि त्यामुळे मला किती फायदा होत होता हे मोजायचे कारणच नव्हते. टेनेसीतल्या गोऱ्या मुलांसारखाच मीही होतो. शिक्षकाच्या नजरेत परके असणे म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांना ह्या देशात पहिल्यांदा कळले. आपल्या गावात ते कळणारे लोक कायम होते.

तरी आपल्या घरांत एक गोष्ट कमी आहे: होकार. माझी मुलगी आता सतराची आहे आणि तिला ग्रुंडशूलेची शिक्षिका व्हायचे आहे. मार्क उत्तम आहेत. ओळखीच्यांची प्रतिक्रिया ठरलेली: “एवढे मार्क असून शाळेत शिकवणार?” मेडिकलला गेली असती तर पेढे वाटले असते. २००० साली इथल्या एका निवडणुकीत आपल्याविरुद्ध घोषणा निघाली होती, भारतीयांऐवजी मुलांवर खर्च करा अशा अर्थाची. आता आपलीच मूल इथल्या मुलांवर आयुष्य खर्च करू म्हणते तर आपण कपाळाला आठ्या घालतो. पगाराची काळजी म्हणाल तर बायर्नमध्ये प्राथमिक शिक्षकांनाही टप्प्याटप्प्याने गिम्नाझियुमच्या शिक्षकांची वेतनश्रेणी मिळते आहे. मला काळजी आहे ती वेगळी. दोन वर्षांच्या उमेदवारीत तिची नेमणूक बायर्नच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या गावी होऊ शकते, आणि तिथल्या शिक्षकांच्या खोलीत ती एकटी असेल. बडोद्याची गोष्ट मला रात्री आठवते ती त्यामुळे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली: दर वर्षी गणपतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढून ह्या शहरात शिक्षकी अभ्यासक्रम शिकणाऱ्या एका गरजू विद्यार्थ्याला द्यावा. तो मराठी असलाच पाहिजे अशी अट नको. तुर्की सफाई कामगाराची मुलगी शिक्षिका झाली तर आपल्या नातवंडांनाही तीच शिकवणार आहे. दुसरी: आपल्यात बी.एड. झालेल्या ज्या भगिनी आहेत त्यांनी एकत्र यावे, आणि त्यांच्या पदव्यांची इथे छाननी करून घेण्याचा, जर्मनच्या वरच्या परीक्षांचा खर्च मंडळाने उचलावा. कामाची कागदपत्रे तयार करून द्यायला मी आहे.

हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत यावा असे पत्र मी चिटणिसांना दिले आहे. विरोध असेल त्यांनीही यावे. आकडे घेऊन यावे, एवढीच विनंती.